पवळ्याची झूल

सकाळपासून मागच्या दारच्या तारेवर माझ्या मुलाचा शर्ट लोंबतो आहे. कालपर्यंत तो पांढरा होता. आता तो कण्हेरीच्या फुलाच्या रंगाचा आहे, आणि डाव्या बाहीवर तर रंग असा बसला आहे की मुद्दाम रंगवायला दिला असता तर तसा बसला नसता. मुलगा औषधाच्या दुकानात कामाला आहे. तिथे पांढराच शर्ट लागतो. आज जुना घालून गेला, संध्याकाळी येईल. तोपर्यंत सून घरात पाऊल न वाजवता फिरते आहे आणि मी मागच्या पायरीवर बसून तारेकडे पाहत हे लिहिते आहे.

झालं ते असं. तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण, तोंडावर आला आहे. नातवाचा लाकडी बैल माळ्यावरून काढला, त्याला तेलाचा हात फिरवला, आणि त्याच्यासाठी काही नवंजुनं कापड मिळतं का म्हणून सुनेनं माझी पेटी उघडली. तळाशी कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यात गुंडाळलेली झूल होती. ती पाहून सुनेला वाटलं, आईंना न सांगता धुऊन ठेवू, खूष होतील. मशीनमध्ये पांढरे कपडे भिजतच होते. त्यांतच तिनं झूल सोडली. झाकण उघडलं तेव्हा आत गुलाबाचं सरबत तयार होतं.

"आई, पावडर खराब निघाली असं सांगू का ह्यायले?" तिनं मला हळूच विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. मलाही कळलं नाही. अशी मान हलवणं मला लहानपणापासून जमत आलेलं आहे.

झूल तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे. ओली झाली की तिला अजून गोठ्याचा वास येतो. शेणाचा, कडब्याचा, बैलाच्या गरम पाठीचा. इतकी वर्षं पेटीत राहून, पावडरच्या पाण्यातून निघूनही येतो. आणि तो वास आला की मागून दुसरे वास रांगेनं येतात, बाजाराच्या दिवशी बैलगाड्या याव्यात तसे.

माझं माहेर घाटंजीच्या पुढे, नाल्याच्या काठचं. धुणं म्हणजे नाला. काठावर चार-पाच सपाट दगड होते आणि प्रत्येक दगड कोणाचा ना कोणाचा होता, शेताच्या धुऱ्यासारखा. आमचा दगड एका बाजूनं खोलगट झाला होता, त्याच्यात चेहरा दिसेल एवढं पाणी साचायचं. आई मोगरीनं धोतर आपटायची. इकडे एक धप्प, पलीकडच्या टेकाडावरून दुसरा धप्प. लहानपणी मला वाटायचं टेकाडामागेही एक बाई आहे, तिलाही धोतरवाला नवरा आहे, आणि ती आमच्या आईच्या मागोमाग धुते. तिचं कधी आटोपतच नाही, बिचारीचं.

साबण बाजारातून यायचा, पण जपून. लुगड्यांना हिंगणबेटाचा फेस, गोधड्यांना राखेचं पाणी. धुण्याचाही मान होता. आधी देवाचं वस्त्र, मग बाबांचं धोतर, मग भावांचे सदरे, मग आमचं, आणि शेवटी चुलीपाशचं फडकं. मी धाकटी, म्हणून माझा परकर फडक्याच्या अलीकडे. फडकं आणि मी, आमच्या वाट्याला एकच पाणी.

तांड्यावरची एक म्हातारी पलीकडच्या दगडावर यायची. सगळे तिला याडी म्हणायचे, म्हणजे आई. तिच्या घागऱ्याला इतके आरसे होते की उन्हात तिच्याकडे पाहवत नसे. एकदा मी प्रेमानं तिचा घागरा आपटायला मोगरी उचलली. तिनं माझा हात वरच्या वर धरला आणि आईला म्हणाली, "तुमच्या पोरीले सासरी देसान तं आरसे नसलेल्या घरी द्या." आई पाण्यात बसेपर्यंत हसली.

दिलं ते आरसे नसलेल्याच घरी. यवतमाळात.

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्या एका मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला होत्या, आणि लग्नाची हळद उतरायच्या आत मलाही त्यांनी तिथे रोजंदारीवर लावलं. घरात बसून कोणाशी बोलत नाही, निदान तिथे तरी बोलेल, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकला. लाँड्रीत बोलायची गरजच नव्हती. तिथे सगळं यंत्रच बोलायचं.

एवढं धुणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. वॉर्डावॉर्डातून गाठोडी यायची, चादरीतच चादरी बांधलेली, पाठीवर घेतली की माणूस दिसू नये अशी. मधोमध ड्रम. विहिरीच्या तोंडाएवढा, लोखंडी, झाकणाला मोठी कडी. तो फिरायला लागला की भिंतीवरचं कॅलेंडर डोलायचं. बाजूला पिळायचं यंत्र, ते सुरू झालं की आधी कण्हायचं आणि मग किंचाळायचं. पलीकडे बॉयलर आणि चादरी दाबायचा गरम पत्रा. त्या पत्र्यातून निघालेल्या चादरीचा वास मला अजून आठवतो. थेट तव्यावरच्या भाकरीचा वास. भूक लागायची चादरी घडी करताना.

मागच्या अंगणात वाळवण. कडुलिंबाच्या झाडांना बांधलेल्या तारा आणि तारांवर ओळीनं चादरी. वारा आला की सगळं अंगण फुगायचं. मला तिथे फार बरं वाटे. कोणी अनोळखी माणूस आला की मी एका चादरीच्या मागे जायची, तो वळला की दुसरीच्या मागे. बॉयलर सांभाळणारे दशरथभाऊ मला पहिले कित्येक दिवस फक्त पायांवरून ओळखत होते. डॉक्टरांचे पांढरे कोट वेगळ्या तारेवर, हात पसरून. एकदा बाहेरची शेळी आत शिरली आणि तिनं नेमका मोठ्या डॉक्टरांच्या कोटाचा खिसा खाल्ला. दशरथभाऊ म्हणाले, शेळीनंही पाहूनच कोट निवडला.

आत्याबाई लाँड्रीत सगळ्यांत जुन्या. त्यांचा मान एका गोष्टीचा होता. रक्ताचा. ऑपरेशनच्या चादरी त्याच पाहायच्या, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आधी थंड पाणी, मग मीठ, मग पुन्हा थंड पाणी. "रक्ताले गरम पाणी दाखवलं का ते घर करून बसते," असं मला रोज सांगायच्या. त्यांच्या हातातून गेलेल्या चादरीवर डाग कुठे होता हे ज्याचं रक्त त्यालाही सांगता आलं नसतं. वरच्या मेट्रनबाई कोणाचं कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुस्तकात छापल्यासारखं शुद्ध बोलायच्या, आणि त्यांच्या चपलांचा आवाज आला की पिळायचं यंत्रसुद्धा आवाज कमी करतं असं आम्हाला वाटे. पण त्यांनीही एकदा म्हटलं होतं, रक्ताच्या बाबतीत मावशींवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. ते वाक्य आत्याबाईंनी सोन्याच्या पोतीसारखं जपलं होतं. आल्यागेल्याला दाखवायच्या.

तर ही झूल.

माझे मोठे दीर गावी शेती करायचे. त्यांच्याकडे पवळ्या नावाचा बैल होता. पांढरा, अंगानं आडवा, स्वभावानं पाहुण्यासारखा. काम सांगितलं की लाजायचा. पण गावात त्याच्यासारखा दिसायला दुसरा नव्हता. त्याची झूल आत्याबाईंनी स्वतःच्या लग्नातल्या शालूची शिवलेली. त्या वर्षी तिची झालर उंदरांनी खाल्ली, म्हणून दिरांनी झूल दुरुस्तीला आमच्याकडे पाठवली. आत्याबाईंनी घाटंजीच्या बाजारातून नवं लालभडक कापड आणलं आणि चारी बाजूंनी रुंद झालर लावली. दुकानदाराला मोठी मिशी होती. रंग गेला तर मिशी उतरवीन, अशी त्यानं शपथ घेतली होती.

झूल शिवून झाली, पण तिला गोठ्याचा वास तसाच, आणि आठवडाभर झड लागलेली. घरी धुतली तर पोळ्यापर्यंत वाळणार नाही. लाँड्रीत मात्र गरम पत्रा होता. पोळ्याच्या आदल्या सकाळी आत्याबाईंनी झूल लुगड्याच्या आतून कमरेला गुंडाळली आणि वर पदर घेऊन दवाखान्याच्या फाटकातून गेल्या. फाटकावरच्या शिपायानं विचारलं, मावशी, तब्येत सुधारली काय? आत्याबाई म्हणाल्या, सुनेच्या हातचं मानवलं. मी चार पावलं मागे होते. माझ्या पाठीवर गाठोडंही नव्हतं तोंड लपवायला.

हौदावर धुतली असती तर वरच्या खिडकीतून मेट्रनबाईंना दिसली असती. ड्रमला झाकण होतं. ड्रममध्ये ऑपरेशनच्या चादरी, मिठातून काढलेल्या, स्वच्छ.

"काकू, रंग जाईन," दशरथभाऊ म्हणाले.

"दुकानदार बोलला, रंग गेला तं मिशी उतरवीन."

"मिशी त्याची जाईन. नोकरी आपली जाईन."

कडी लागली. ड्रम फिरला. कॅलेंडर डोललं. ड्रमचं पाणी जमिनीतल्या नालीतून बाहेर जायचं. आम्ही तिघं त्या नालीपाशी उभे राहिलो. आधी गढूळ पाणी आलं, मग फेस आला, मग फेसाला जरा लाज वाटल्यासारखी झाली, आणि मग जास्वंद फुटावी तसं लाल पाणी भळाभळा वाहायला लागलं. दशरथभाऊंनी टोपी काढली आणि म्हणाले, "मिशी गेली."

ब्लिचिंगच्या पावडरीचा डबा रिकामा होता, आणि भांडाराची किल्ली ज्याच्याकडे तो पोळ्याची सुट्टी धरून गावी गेलेला. चादरी तर सकाळी वर लागणार होत्या. आम्ही त्या पिळल्या, गरम पत्र्यावरून काढल्या, आणि जास्त गुलाबी बाजू आत जाईल अशा घड्या केल्या. दुरून छान दिसत होत्या. उलगडेपर्यंत.

जायच्या आधी दशरथभाऊंनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. विचारलंच तर रक्त म्हणायचं. रक्त राहिलं तर बोलणी बसतील, बैल निघाला तर दोघींची नोकरी जाईल. ते खरंच होतं. मी आत्याबाईंच्या शब्दावर लागलेली, त्या गेल्या की मीही गेले. घरात तेव्हा आमच्या दोघींचंच कमावणं होतं. आत्याबाईंनी बॉयलरवर हात ठेवून शपथ घेतली. बॉयलर गरम होता, त्यामुळे शपथ लवकर झाली.

दुसऱ्या दिवशी पोळा. आत्याबाई दुपारच्या गाडीनं झूल घेऊन गावी जाणार होत्या, पिशवी भरून बॉयलरच्या मागे ठेवलेली. सकाळी चपलांचा आवाज आला. मेट्रनबाईंच्या हातावर एक चादर होती, उलगडलेली.

"हे काय आहे?"

त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं, मी सगळ्यांत जवळच्या गाठोड्यामागे होते तरी. "काय गं, रक्त आहे ना हे?"

मी मान हलवली. हो आणि नाही दोन्ही एकदम. मेट्रनबाईंनी थोडा वेळ ती मान पाहिली आणि मग आत्याबाईंकडे वळल्या. आवाज चढवला नाही. तेच वाईट झालं. हळू, जवळजवळ मायेनं म्हणाल्या, "आता तुमच्याच्यानं होत नाही, मावशी. वय झालं. रक्ताच्या चादरी उद्यापासून दुसऱ्या कोणाला देऊ."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांना आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले असतील. पण हे शब्द त्यांना गिळवेनात. दशरथभाऊ मागून हातानं खुणा करत होते, राहू द्या, राहू द्या. आत्याबाईंनी पदर खोचला.

"बाई, रक्त माह्या हातून कधी राह्यलं नाही," त्या म्हणाल्या. "हे रक्त नोहे. बैलाची झूल हाये."

दशरथभाऊ बॉयलरकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं आता छत खाली येईल.

"कोन्या बैलाची?" मेट्रनबाई म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही एकदम वर पाहिलं. छापील शब्द कुठे गेले कोणास ठाऊक. मेट्रनबाईंना स्वतःलाही ते कळलं असावं, त्यांनी चष्मा सारखा केला.

"पवळ्याची," आत्याबाई म्हणाल्या. "माह्या मोठ्या पोराच्या बैलाची."

"आणि जोडीदाराची? एकाचीच झूल काहून?"

"आणणार होतो, बाई. पण कमरेले एकच मावली."

मेट्रनबाईंनी तोंडावर चादर धरली. शिंकल्या असाव्यात असं मी तेव्हा समजले. चादर खाली आली तेव्हा तोंड पुन्हा नेहमीसारखं होतं. त्यांनी झूल मागितली. पिशवीतून काढून दिली तेव्हा त्यांनी ती पुरी उलगडली, झालरीचा टाका नखानं ओढून पाहिला, शालूच्या काठावरून बोट फिरवलं आणि नाकाजवळ नेली. बराच वेळ तिथेच धरली.

"तुमच्याकडं पोळा केव्हा फुटते?"

"दिवस कलला का तोरणाखालून बैल सुटते."

"मंग उभ्या कायले राह्यल्या इथं?"

आत्याबाई पिशवी घेऊन दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. विचारायचं होतं ते त्यांना विचारवेना. दशरथभाऊंनी विचारलं. नोकरीचं काय, बाई?

मेट्रनबाई परत छापल्यासारख्या बोलल्या. "या चादरी पांढऱ्या झाल्याशिवाय इथून कोणालाही काढलं जाणार नाही."

त्या चादरी पांढऱ्या झाल्या नाहीत.

मी त्या मोगरीनं आपटल्या, ब्लिचिंगमध्ये बुडवल्या, उन्हात घातल्या. जास्वंदीची कण्हेर झाली, कण्हेरीचा कमळाच्या पाकळीसारखा रंग झाला, आणि तिथे रंग जो बसला तो बसला. मेट्रनबाई अधूनमधून येऊन एक चादर उजेडात धरायच्या, अजून नाही म्हणायच्या, आणि जायच्या. पुढे त्या चादरी बाळंतिणींच्या वॉर्डात लागल्या. गुलाबी चादर कोणाच्या खाटेवर यावी म्हणून दोघींचं भांडण झाल्याचं वरून कळलं. रक्ताच्या चादरी आत्याबाईंकडेच राहिल्या, त्या घरी बसेपर्यंत. नंतर माझ्याकडे आल्या.

गावात पवळ्या त्या वर्षी झूल घालून उभा राहिला तेव्हा लोक वळून पाहत होते म्हणे. आत्याबाईंनी दिरांना सगळं सांगितलं, आणि दिरांच्या पोटात काही राहत नसे. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकं, सुरू झाल्या तेव्हा त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं,

"दवाखान्याच्या ड्रमात धुतली झूल,
डाक्टरची चादर झाली जास्वंदीचं फूल!"

आणि सगळं गाव ओरडलं, हर बोला हर हर महादेव. पवळ्या तेवढ्यात शेजाऱ्याच्या बैलाच्या गळ्यातली माळ खात होता.

मिशीचं राहिलं. पुढच्या बाजारी आत्याबाई झूल घेऊन दुकानदारासमोर उभ्या राहिल्या. मीही होते, मागे. त्यानं झूल हातात घेतली, उन्हात धरली. तशीच लालभडक. "मावशी, गेला कुठं रंग? हा काय हाये," तो म्हणाला. रंग निघाला होता, पण गेला नव्हता. मिशी वाचली.

पुढच्या पोळ्याच्या आधी एक दिवस मेट्रनबाईंच्या घरचा माणूस लाँड्रीत एक गाठोडं ठेवून गेला. सोडलं तर आत दोन झुली. जोडीच्या. मुकुटबनकडून आलेल्या, मेट्रनबाईंच्या भावाकडून. थोड्या वेळानं चपला वाजल्या. मेट्रनबाई आत आल्याच नाहीत, दारातूनच, दुसरीकडे पाहत म्हणाल्या, "हाताने. थंड पाण्यात. आणि ड्रमकडे पाहायचंसुद्धा नाही."

आता काही नाही त्यातलं. पवळ्या गेला, त्याच्या जागी दिरांच्या पोरानं ट्रॅक्टर उभा केला. आत्याबाई गेल्या. मागच्या साली मी डोळे दाखवायला त्याच दवाखान्यात गेले होते. लाँड्रीच्या जागी गाड्या लावतात. चादरी म्हणे बाहेरच्या गाडीनं जातात आणि प्लास्टिकात बांधून येतात. त्यांना कशाचाच वास नव्हता. भूक लागावी असा तर नाहीच. कडुलिंबाची झाडं आहेत, तारांच्या खुणा बुंध्यात रुतलेल्या. जमिनीतली ती नालीही आहे. मी तिच्यापाशी उभी होते तर एक शिपाई म्हणाला, आजी, काही पडलं का? मी मान हलवली.

एवढं लिहिलं तोवर ऊन कललं आणि फाटक वाजलं.

आता थोडं राहिलं आहे ते लिहून ठेवते.

मुलगा मागच्या दारी हातपाय धुवायला आला. त्याला शर्ट दिसला. सून दारात मेथीची जुडी धरून उभी राहिली, एक एक पान तोडत, आणि मला दिसत होतं की ती पानं टाकून देठं ठेवते आहे.

"हे काय झालं?" त्यानं विचारलं. मग तिच्याकडे पाहून, "तुले साधे कपडे धुता..."

"पावडर," सून म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

माझी मान हलायला लागली होती. ती मी धरली.

"पावडर चांगली हाये," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला, टेकाडावरून परत आल्यासारखा. "पोरीचा काही दोष नाही. बैलाची झूल हाये."

तो हातपाय धुवायचे सोडून माझ्याकडे वळला. आमच्या घरात आता बैल नाही, गोठा नाही, दावं नाही.

"कोन्या बैलाची?"

"पवळ्याची."

त्याच्या लहानपणी पवळ्या म्हातारा झाला होता. पवळ्यानं त्याची शाळेची टोपी खाल्ली होती, आणि हा टोपीसाठी नाही, पवळ्याचं पोट दुखेल म्हणून रडला होता. त्यानं तारेच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. गेला, झालर दोन बोटांत धरून पिळली. बोटं लाल झाली.

"अजून जाऊनच राह्यला का हा रंग?"

"तो जात नाही रे," मी म्हटलं. "निघते फक्त."

सून हसली आणि मग घाबरून मेथीत पाहू लागली. नातू लाकडी बैल घेऊन आला आणि त्यानं ओलीच झूल ओढून बैलावर टाकली. बैल पुरा झाकला गेला. शिंगंसुद्धा दिसेनात. वॉर्डातला पेशंट झोपावा तसा दिसत होता.

मुलानं शर्ट तारेवरून काढला, झटकला, उजेडात धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच घालून दुकानात गेला.